ऋतुप्राप्तीची वेळ

हरिहरेश्वरीं प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या खडकांवरून जाते, आणि ती ओहोटीलाच मोकळी होते. यात्रेकरूनें कितीही घाई केली तरी ओहोटी लौकर येत नाहीं. मुलीच्या ऋतुप्राप्तीचेंही असेंच आहे. तिचा दिवस पंचांगांत नसतो. शरीराच्या आंतील हिशेबानें तो ठरतो.

हा हिशेब मेंदूच्या तळाशीं चालतो. तेथून ठराविक अंतरानें एक स्राव सुटूं लागला म्हणजे पोषग्रंथि जागी होते, ती बीजकोशांस चाळविते, आणि बीजकोश इस्ट्रोजेन निर्माण करतात. प्रथम बहुधा स्तनवृद्धि, मग उंचीची झपाट्याची वाढ, आणि सुमारें दोन-अडीच वर्षांनीं पहिली पाळी, असा हा क्रम असतो.

पण वेळ झाली हें मेंदूला कळतें कसें? शरीरांत पुरेशी चरबी सांठल्यावांचून पाळी येत नाहीं, असें रोझ फ्रिश या विदुषीनें १९७४ सालीं मांडलें. पुढें १९९४ मध्यें चरबींतूनच निघणारें लेप्टिन सांपडलें. घरांत शिल्लक आहे, गर्भाचा व अंगावरच्या दुधाचा खर्च भागेल, अशी वर्दी तें मेंदूला देतें. मात्र लेप्टिन परवानगी देतें, आज्ञा करीत नाहीं. आनुवंशिकतेचाही वांटा मोठा आहे. म्हणूनच अर्धपोटीं राहणाऱ्या मुलीची पाळी लांबते, सुखवस्तु घरांत ती लौकर येते. युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सोळा-सतराव्या वर्षीं येणारी पाळी शंभर वर्षांत तेराव्यावर आली.

ऋतुप्राप्तीचें हें वय आपल्या समाजानें एके काळीं संसाराची सुरुवात मानलें. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईंनीं पतिगृहीं जाण्याचें नाकारलें. १८८७ सालीं न्यायालयानें नांदावयास जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत, असा निकाल दिला, तेव्हां त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढें त्या डॉक्टर झाल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें दहाची मर्यादा बारा केली, तेव्हां प्रथम ऋतूच्या वेळच्या गर्भाधानविधीस बाध येतो म्हणून मोठें रण माजलें. ज्या वयाला शास्त्राचा आधार शोधला जात होता, तें वय पुष्कळ अंशीं ताटांतल्या अन्नावर अवलंबून होतें! पुढें मुलीच्या लग्नाचें वय १९२९ सालीं चौदा, तर १९७८ सालीं अठरा झालें. कायद्याचें वय वर चढलें, शरीराचें खालीं आलें. मधलीं वर्षें मुलीच्या शिक्षणास मिळालीं.

या मधल्या वर्षांची जबाबदारी घरावर आहे. आठ वर्षांच्या आंत स्तनवृद्धि दिसली तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. कारण इस्ट्रोजेन हाडांचीं वाढणारीं टोकें मिटवितें, आणि लौकर उंच झालेली मुलगी पुढें ठेंगणी राहूं शकते. पण धास्तीनें वाढत्या मुलीस उपाशी ठेवूं नये. सकस जेवण, खेळ आणि पुरेशी झोप एवढें पाळावें. शरीर मोठें दिसलें तरी मन बालिकेचेंच असतें, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं विसरूं नये. पाळीची गोष्ट आईनें ती येण्यापूर्वींच सांगावी. ओहोटीची वेळ ठाऊक असणारा यात्रेकरू खडकांवर बिचकत नाहीं.