शनिवारी बंद असलेला घाणा आणि एक शाळा

(संतपूर येथे शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



सीमेवरच्या औराद तालुक्यात येऊन मुंबईतल्या ज्यू शाळेबद्दल काय बोलायचे, असे आपल्याला वाटेल. पण ती शाळा मराठी बोलणाऱ्या माणसांनी काढली आणि तिच्यापुढचा पेच आपल्या वर्गातलाच आहे.

कोकणात, अलिबाग-पेण-रोह्याच्या पट्ट्यात, बेने इस्राएल समाज कित्येक पिढ्या राहिला. बरेच जण तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. आडनावे केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, सगळी गावांवरून. हिब्रू जवळजवळ विसरलेली होती, पण सण टिकले आणि त्यांची नावे मराठी झाली. वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. उपासाच्या दिवशी घराची दारे बंद ठेवत, तो ‘दारफाळणीचा सण’. एक ‘खिरीचा सण’. आणि पुरीम? ‘होळीचा सण’! या नावांची नोंद हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी केली.

हिब्रू परत आली ती मराठीच्या हाताला धरून, हे मला फार महत्त्वाचे वाटते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनच्या शाळांत मुले शिकू लागली. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, समाजाने मात्र त्यातून आपलीच प्रार्थना वाचायला घेतली. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८०च्या सुमारास बेने इस्राएलांची कीर्तनेही सुरू झाली. बायबलमधली आख्याने, आणि ढंग आपल्या हरदासांचा.

१८७५ मध्ये केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत इस्राएली शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळाली. आपली मुले आपल्या शाळेत शिकावीत, हिब्रू शिकण्यासाठी दुसऱ्या धर्माच्या दारात जावे लागू नये, हा उद्देश. सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचे नाव मिळाले; माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. १९२२ पासून १९५० पर्यंत तिथे रिबेका रुबेन मुख्याध्यापिका होत्या. जन्म बेळगावचा, शिक्षण पुण्याच्या मुलींच्या हायस्कुलात. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. बेळगावचे नाव इथे मुद्दाम घेतले, हे आपल्या लक्षात आले असेलच.

आता अडचणीची गोष्ट. वर्गात रोश हशाना, योम किप्पूर, शावुओत ही शुद्ध नावे आली, तशी आजीच्या तोंडची ‘दारफाळणी’ मागे पडत गेली. शाळेला दोष कसा द्यावा? मुलांना जगभरच्या आपल्या लोकांशी बोलता आले, ते या नावांमुळेच. तरी शंभर घरांतला एक शब्द त्या फळ्यावर पुसला गेला, हेही खरे. केहिमकरांनी लिहून ठेवले नसते तर आपल्याला तो कळलाही नसता. त्यांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून झाला होता आणि छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. तोही इंग्रजीत.

शिक्षक मित्रांनो, इथला मुलगा वहीत ‘मी पुस्तक हुडकलं’ असे लिहितो. आपण लाल शाईने ‘शोधले’ करतो. मीही केले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. हुडकणे कन्नडच्या शेजारातून आले, म्हणून ते अशुद्ध? मग अक्का आणि अण्णा यांचे काय करायचे? परीक्षेला ‘शोधणे’ लागते, ते शिकवलेच पाहिजे. पण दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहिले तर किती वेळ जातो? आजीचे शब्द लिहून आणायला सांगितले तर पोरे आनंदाने आणतात, हा माझा अनुभव आहे.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिकडे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. माझगावच्या शाळेत ज्यू मुले फार थोडी उरली. आज त्या बाकांवर बहुतेक मुसलमान मुले बसतात, आणि शाळेच्या पाटीवर नाव अजून कदूरींचेच आहे.