कोयनेंतील जेलिफिश

पाटणवरून वाहत जाऊन कऱ्हाडास कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेच्या पाण्यांत जेलिफिश राहतो, असें सांगितल्यास पुष्कळांना खरें वाटावयाचें नाहीं. कारण हा प्राणी समुद्राचा, अशीच सर्वांची समजूत. परंतु 1911 मध्यें शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना कृष्णेच्या उपनद्यांत तो आढळला. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे नेल्सन ॲनन्डेल यांनी त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हें नांव दिलें. तोंपर्यंत हा वंश आफ्रिकेंतील गोड्या पाण्यापुरताच ठाऊक होता.

या कुळांतील प्राण्यांचीं आयुष्यें दोन. पहिलें, दगडाला चिकटलेल्या बारीक नळीचें. तिला अंकुर फुटतात, आणि प्रत्येक अंकुर आनुवंशिक गुणांनीं मूळ नळीची हुबेहूब नक्कल असतो. दुसरें, पाण्यांत तरंगणाऱ्या पारदर्शक छत्रीचें. छत्री नर असते किंवा मादी, आणि लिम्नोक्निडाच्या छत्रींत खालीं लोंबणाऱ्या जठराच्या भित्तींत बीजपेशी तयार होतात.

नवलाची गोष्ट घडते ती तेथें. प्रत्येक पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. जोडींतील एक आईकडील, दुसरें वडिलांकडील. एकाच ग्रंथाच्या, किंचित पाठभेद असलेल्या, या दोन पोथ्याच म्हणाना. बीजपेशी बनतांना प्रथम प्रत्येक पोथीची प्रत निघते. मग जोडीदार शेजारीं येऊन बिलगतात आणि त्याच त्या अध्यायाचीं पानें परस्परांत बदलतात. नंतर पेशी दोनदां विभागते: पहिल्या खेपेस जोडीदार वेगळे होतात, दुसऱ्या खेपेस प्रती. प्रत्येक बीजपेशीला जोडीऐवजीं एकेकच गुणसूत्र मिळतें. कोणत्या जोडींतील कोणतें, हें दैवाधीन. याच प्राण्याच्या दूरच्या नातलगांत, हायड्रांत, 15 जोड्या असतात. नुसत्या या वांटणीनेंच 32,768 प्रकार संभवतात, पानांची अदलाबदल वेगळीच.

नराची व मादीची बीजपेशी एकत्र आल्या कीं जोड्या पुन्हां पुऱ्या होतात, आणि आईवडिलांपैकीं कोणासारखाही तंतोतंत नसलेला जीव जन्मतो.

परंतु त्यासाठीं दोघांची गांठ पडली पाहिजे. 1880 मध्यें लंडनच्या एका हौदांत सांपडलेला, लिम्नोक्निडाचा नातलग जेलिफिश पुढें जगभर पसरला. पण त्याच्या कित्येक तळ्यांत सर्व छत्र्या एकाच लिंगाच्या आढळतात. तेथें वांटणी होते, पानें बदलतात, पण तें सारें वायां जातें; वंश चालतो तो केवळ नकलांनीं. पाणी तेंच राहील तोंवर नकला पुरतात. पाणी बदललें, रोग आला, म्हणजे सर्वांवर एकच संकट, आणि सर्वांचें दुबळेपणही एकच. अशा वेळीं तारतो तो एखादा निराळा पाठ. म्हणून एकाच डोहांत नर आणि मादी दोघेही असणें, हा अशा जीवाचा खरा ठेवा होय.