पाकिटावर नाव छापण्याआधी



मागच्या दिवाळीची गोष्ट. आमच्या एका गटानं मसाल्याची तीन हजार पाकिटं छापून घेतली. नाव देवीचं ठेवलं. जिल्ह्याच्या प्रदर्शनात माल हातोहात खपला आणि महिन्याभरात वकिलाची नोटीस आली. मसाल्यासाठी तेच नाव एका कंपनीनं आधीच नोंदवलेलं होतं. निम्मी पाकिटं पोत्यात पडून राहिली. छपाईचे पैसे कर्जातले होते, त्याचा हप्ता काही थांबला नाही.

बायकांनी मला विचारलं, "ताई, आपल्याकडं फूड लायसन्स आहे, उद्यमची नोंद आहे. मग नाव आपलं कसं नाही?"

हा प्रश्न छपाईआधी मलाच पडायला हवा होता. फूड लायसन्सनं खाण्याचा माल बनवून विकायची परवानगी मिळते. उद्यम नोंदणीनं आपला उद्योग सरकारदरबारी लागतो. नावावरचा हक्क मात्र वेगळा. तो १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात येतो.

एकीनं सुचवलं, "एखादं अक्षर बदलू." तेवढ्यानं भागत नाही. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या नावांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. १९६२ साली कोर्टानं पाहिलं ते साध्या गिऱ्हाइकाकडं. ते काही दोन नावं शेजारी ठेवून अक्षरं जुळवत नाही. त्याला नाव अर्धवट आठवतं. त्यामुळं ही नावं गोंधळ होण्याइतकी सारखी आहेत, असं कोर्ट म्हणालं.

मग नाव शोधायचं कसं? 'शुद्ध', 'चविष्ट', 'घरगुती' हे शब्द मालाचं वर्णन करतात. नुसते तेच नाव म्हणून नोंदवणं अवघड. देवांची नावं तर हजारांनी घेतलीत. त्यापेक्षा गटातल्या बायकांच्या नावांची पहिली अक्षरं जुळवा, नाहीतर मालाशी संबंध नसलेला गोड शब्द घ्या. एक नको, चार नावं काढा.

मग तपासा. ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर नावं फुकट शोधता येतात. तिथं मालाचे वर्ग आहेत. मसाले आणि पीठ ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये. मराठीतून आणि इंग्रजी स्पेलिंगनं, दोन्हीकडून शोधा. उच्चाराला जवळची नावंही बघा. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा.

नाव मोकळं दिसलं तर अर्ज करा. एका व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं चालते, पुढं नूतनीकरण होतं. अर्ज कुणाच्या नावानं करायचा, हे आधी बैठकीत ठरवून ठरावात लिहा. एकटीच्या नावानं केला तर कागदोपत्री मालकी तिची. उद्या ती गटातून गेली तर भांडण गटाच्या दारात.

अर्ज केल्यावर नावापुढं 'टीएम' लिहिता येतं. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी छापणं गुन्हा आहे. पहिल्या विक्रीपासूनची बिलं तारखेसह जपा. नाव आधीपासून आपण वापरतो, हे दाखवायला तीच कामी येतात.

आणि नाव पक्कं होईपर्यंत साध्या पाकिटावर स्टिकर लावा. त्या गटानं आता तेच केलंय. स्टिकर पाचशेच छापले, तेही नाव तपासून.