आपल्या गावची कणगी
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी उपासमारीचा विषय काढते आहे, म्हणून रागावू नका. १९७२ च्या दुष्काळात मी लहान होते. आई खडी फोडायला जाई. कामावर सुकडी मिळे. ती पदरात बांधून आमच्यासाठी आणी आणि "मी तिथंच खाल्लं," म्हणे. ते खरे नव्हते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या सुकडीने आम्हांला जगविले; तिचे उपकार मी विसरणार नाही. पण काम संपले, तेव्हा घरची कणगी रिकामीच होती.

कणगी कशी भरावी, हे शेजारच्या तेलंगणातील बायांनी दाखविले आहे. जहीराबादजवळ पस्तापूरच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ साली सुरू झाली. तिचे गावोगावचे महिला-संघ मुख्यत्वे गरीब, दलित बायांचे. त्यांच्याकडे थोडी जमीन होती, पण हलकी आणि पडीक. रेशनवर तांदूळ मिळे. तो त्या कोरडवाहू रानात पिकणारा नव्हे. १९९० नंतरच्या दशकात सुमारे तीस गावांच्या संघांनी पडीक रान लागवडीखाली आणले. नांगरटीला आणि खताला पैसे कर्जाऊ दिले. फेड मात्र ज्वारीने घेतली. ती ज्वारी गावातच साठविली आणि टंचाईच्या दिवसांत गरजू घरांना स्वस्तात दिली. गरजू कोण, हे कचेरीने ठरविले नाही. गावकऱ्यांनी जमिनीवर गावाचा नकाशा काढला आणि घराघराची स्थिती सर्वांसमक्ष ठरविली. पेरणीने मजुरी मिळाली, कडब्याने जनावरे जगली. २०१९ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

कुणी म्हणेल, २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला, रेशन मिळते. आता हे कशाला? रेशन हवेच. पण यादीत नाव नसलेले घर, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, मजुरी बुडालेली बाई कुणाच्या नजरेस पडते? शेजारणीच्याच. चूल पेटली नाही, हे तिलाच आधी कळते.

म्हणून माझी विनंती आहे. आपण मुष्टिफंड सुरू करू. रोज स्वयंपाकापूर्वी एक मूठ धान्य बाजूला काढावे. प्रत्येक आळीतून दोघी स्वयंसेविकांनी आठवड्याला ते गोळा करावे. हिशेब दरमहा सभेत वाचावा. अडलेल्या घराला त्यातून उसने द्यावे आणि सुगीत जमेल तसे परत घ्यावे.

दान नको, उसनेच असू द्या. माझ्या आईने दान कधीच घेतले नसते. पण शेजारीण पायली घेऊन दारात आली असती, तर उसने म्हणून तिने ते खात्रीने घेतले असते. आणि त्या रात्री तीही आमच्या पंक्तीला बसली असती.