मूळचे कोण? काही नव्या ग्रंथांच्या निमित्ताने

(हीरकमहोत्सवी ग्रंथप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला एक प्रश्न कधी ना कधी ऐकावाच लागतो : ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हैदराबादेत चार पिढ्या नांदलेल्या घरातले मूलही उत्तर देताना अडखळते. आजोबा एका गावाचे नाव घेतात, वडील दुसऱ्याच, आणि मुलाने त्यांतले एकही पाहिलेले नसते. विचारणाऱ्याच्या मनात आकस असतोच असे नाही. परंतु काही माणसे मूळची आणि काही मागून आलेली, असे एक गृहीत त्या प्रश्नात दडलेले असते. गेल्या काही वर्षांत ज्या विद्वत्तापूर्ण ग्रंथांनी या गृहीतालाच हात घातला, त्यांतल्या निवडक ग्रंथांचा परिचय करून देणे हा या भाषणाचा हेतू आहे. हे ग्रंथ नेमके कोणत्या कपाटात ठेवावेत, ही ग्रंथपालांची अडचण खरीच आहे. इतिहास, जनुकविज्ञान, भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व या चारही कपाटांवर त्यांचा सारखाच हक्क आहे.

पहिला ग्रंथ डेव्हिड राइक यांचा, ‘हू वी आर अँड हाऊ वी गॉट हिअर’, 2018 साली प्रकाशित झालेला. राइक हे हार्वर्ड विद्यापीठातील जनुकशास्त्रज्ञ. प्राचीन हाडांतून डीएनए मिळवून लोकसमूहांचा इतिहास वाचणे हे त्यांच्या प्रयोगशाळेचे काम. या ग्रंथातील भारतावरचे प्रकरण येथील वाचकाने आवर्जून वाचावे, कारण त्यातील एक नाट्यमय प्रसंग याच शहरात, उप्पल रस्त्यावरच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेत घडला. ऑक्टोबर 2008 मध्ये राइक आणि त्यांचे सहकारी आपले निष्कर्ष घेऊन लालजी सिंग व कुमारसामी थंगराज यांच्याकडे आले. आजचे भारतीय हे पश्चिम युरेशियातील लोकांशी नाते असलेला एक समूह आणि सर्वस्वी वेगळा असा दुसरा समूह यांच्या मिश्रणातून झाले आहेत, अशी त्यांची मांडणी होती. भारतीय शास्त्रज्ञांना ती मान्य होईना. ‘पश्चिम युरेशियातील लोक येथे आले’ असे म्हणण्यास आकडेवारीचा पुरेसा आधार नाही आणि त्या शब्दांचे राजकीय पडसाद दूरवर उमटतील, असे त्यांचे म्हणणे. आपल्या वैज्ञानिक जीवनातील ते अत्यंत तणावाचे तास होते, हे राइक मोकळेपणाने मान्य करतात. अखेर ‘उत्तर भारतीय पूर्वज’ आणि ‘दक्षिण भारतीय पूर्वज’ ही दोन नवी नावे मुक्रर झाली आणि 2009 साली ‘नेचर’मध्ये संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. 25 समाजांतील 132 व्यक्तींच्या नमुन्यांवर तो आधारलेला होता. भारतातील बहुतेक समाजांत पहिल्या पूर्वजांचा वाटा 39 ते 71 टक्क्यांच्या दरम्यान भरला. हा वाटा कोणाकडे कमी, कोणाकडे अधिक; पण मुख्य भूमीवरच्या बहुतेक सर्वांच्या ठायी दोन्ही प्रवाह सापडले. एक शब्द बदलावा म्हणून दोन देशांतले शास्त्रज्ञ एका खोलीत तावातावाने भांडतात, हे विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात कधी येत नाही. यावे, असे मात्र वाटते.

पुढे 2013 मध्ये आणखी एका निबंधाने या मिश्रणाचा काळ सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीचा ठरवला. त्यानंतर सरमिसळ जवळजवळ थांबली आणि जातीजातींत अंतर्विवाहाचे कुंपण उभे राहिले. हे कुंपण किती पक्के होते, याचा पुरावा राइक आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजाच्या उदाहरणाने देतात. लाखोंच्या संख्येने असलेला हा समाज दोन-तीन हजार वर्षे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ अलग राहिला. त्याचा परिणाम शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसतो. स्नायू शिथिल करण्यासाठी भूल देताना जे एक विशिष्ट औषध वापरतात, त्याचा अंमल या समाजातील काही व्यक्तींवर फार काळ टिकतो, कारण ते औषध विघटित करणारे विकर त्यांच्यात उपजतच कमी असते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 263 दक्षिण आशियाई समूहांपैकी 81 समूहांत असा अलगपणा फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र आढळला. ‘आमच्यात बाहेर देत नाहीत’ या घरगुती वाक्याचा असाही एक वैद्यकीय अर्थ आहे, तो पालकांनी जाणून घ्यावा.

दुसरा ग्रंथ टोनी जोसेफ यांचा ‘अर्ली इंडियन्स’. तोही 2018 चाच, आणि मराठीत अनुवादित झालेला. जोसेफ हे मूळचे पत्रकार, त्यामुळे निवेदन सुबोध. सुमारे 65 हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून निघालेल्यांचे वंशज, इराणच्या झाग्रोस पर्वताच्या परिसरातून आलेले शेतकरी, आग्नेय आशियातून आलेले लोक आणि शेवटी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालक, असे स्थलांतराचे टप्पे त्यांनी मांडले आहेत. पुस्तक गाजले आणि वर्षभरात त्याच्या एका महत्त्वाच्या विधानाला धक्का बसला. सप्टेंबर 2019 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे, राइक, थंगराज आणि इतरांचा राखीगढीवरील निबंध ‘सेल’ या नियतकालिकात आला. हरियाणातील या हडप्पाकालीन स्थळाच्या दफनभूमीतून घेतलेले 61 नमुने तपासण्यात आले. उष्ण हवामानात डीएनए टिकत नाही, त्यामुळे एकसष्टांपैकी एकच उपयोगी ठरला. तो सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा होता. तिच्यात गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नव्हता. इराणी लोकांशी नाते सांगणारा अंश होता, परंतु तो शेतीचा उगम होण्यापूर्वीच इराणी शाखेपासून फुटलेला. म्हणजे शेती येथे आली ती इराणातून मोठ्या संख्येने आलेल्या शेतकऱ्यांबरोबर, ही कल्पना डळमळली.

त्या आठवड्यात काही वृत्तपत्रांनी ‘आर्य बाहेरून आलेच नाहीत’ असे मथळे दिले. निबंधात तसे म्हटलेले नाही. त्याच वेळी ‘सायन्स’मध्ये 523 प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवर आधारित दुसरा निबंध आला होता आणि त्यात गवताळ प्रदेशातील लोकांचे आगमन इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात, म्हणजे हडप्पा नगरांच्या उतरणीनंतर, झाल्याचे दाखवले होते. त्या स्त्रीच्या अंगी तो अंश नसणे हे त्याच्याशी सुसंगतच आहे. ते लोक तोवर आलेलेच नव्हते. घरोघरच्या भ्रमणध्वनींवर फिरणारे संदेश एवढी साधी कालगणनाही पाहत नाहीत.

भाषेच्या कपाटातून पेगी मोहन यांचा ‘वाँडरर्स, किंग्ज, मर्चंट्स’ हा 2021 चा ग्रंथ काढावा. बाहेरून आलेले पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या घरात मुले बोलू लागतात, तेव्हा शब्द एकीकडचे राहतात आणि उच्चारांत दुसरीकडचे स्वर मिसळतात, असे त्या दाखवतात. ट, ठ, ड, ढ, ण हे मूर्धन्य वर्ण त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत. त्याच्या जोडीला फ्रँकलिन साउथवर्थ यांचा ‘लिंग्विस्टिक आर्किऑलॉजी ऑफ साउथ एशिया’ (2005) ठेवावा. तो वाचायला कठीण आहे, पण मराठी वाचकाला त्यात एक खजिना सापडतो. बोरिवली, कांदिवली, डोंबिवली या गावनावांतील ‘वली’ हा द्राविडी ‘पळ्ळी’चा अवशेष असावा, असे त्यांचे मत आहे. कूकटपल्लीहून शाळेत येणाऱ्या मुलाला हे कळले, तर मुंबईतील मामाचे गाव आणि स्वतःचे घर यांच्यात किती अंतर आहे याचा त्याने पुन्हा विचार करावा.

येथे एक खंत नोंदवणे आवश्यक आहे. वर उल्लेखिलेला एकही ग्रंथ मूळ मराठीत लिहिलेला नाही. सत्तर वर्षांपूर्वी चित्र असे नव्हते. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी ‘मराठी लोकांची संस्कृती’ हा ग्रंथ 1951 मध्ये मराठीतच लिहिला. माणसांची मापे घेणारी, उत्खननात भाग घेणारी आणि महाभारतातील पात्रांवर लिहिणारी ही विदुषी एकच होती. जाती म्हणजे एका समाजाचे तुकडे नसून शेजारी शेजारी येऊन वसलेले स्वतंत्र समूह होत, असे त्यांचे मत होते. आजच्या जनुकीय पुराव्याशी ते पूर्णपणे जुळत नाही, कारण कुंपणापूर्वी सरमिसळ झाली होती. पण प्रश्न त्यांनी अचूक विचारला होता. गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी यांचेही तसेच. जनुकशास्त्रज्ञ आजही गुणसूत्रांवरील अंतरे मोजताना त्यांचे सूत्र वापरतात आणि इतिहासकार त्यांना आहत नाण्यांची वजने करून अर्थकारण उलगडणारे म्हणून ओळखतात. त्यांना एका कपाटात बसवणे कोणत्याही ग्रंथपालाला जमले नसते.

मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला हे नवे ज्ञान मिळणार नाही, ही पालकांची धास्ती निराधार नाही. भाषांतर उशिरा येते, कधी येतच नाही, आणि आले तरी परिभाषा एका पुस्तकात एक, दुसऱ्यात दुसरी. तथापि मुलाने इंग्रजी ग्रंथ वाचून त्यावर मराठीत विचार करावा आणि मराठीत लिहावे, एवढे शाळेच्या हाती नक्की आहे. महोत्सवानिमित्त ग्रंथ भेट देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी यांपैकी निवड करावी. ‘अर्ली इंडियन्स’ देणाऱ्याने त्याची 2018 ची आवृत्ती दिली, तरी हरकत नाही. इराणी शेतकऱ्यांच्या प्रकरणापाशी एक चिठ्ठी चिकटवून तिच्यावर राखीगढीच्या निबंधाचा सारांश लिहावा. आणि तो शक्यतो आठवी-नववीच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून, मराठीत लिहवून घ्यावा.