वाऱ्याची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात मी मुलीकडे इंग्लंडात होते. तिथे ती भर थंडीत समुद्रावर जुन्या फळ्या विकत घ्यायला गेली, हे मी हळदीकुंकवाला सहज बोलून गेले, आणि आपल्या कार्यवाहबाईंनी लगेच माझे नाव आजच्या कार्यक्रमात घातले. त्या दिवशी पाटणकरणींसारखे डोळे मोठे करून चौघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला, “अहो, पण तुम्ही तिला जाऊ कशी दिलीत?” त्याचेच उत्तर आज सावकाश देते.

आधी ही फळी म्हणजे काय ते सांगायला हवे. या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. पुरुषभर उंचीहून लांब, आतून हलक्या फेसाची अशी एक फळी, तिच्यावर डोलकाठी आणि शीड. ही डोलकाठी होडीसारखी पक्की रोवलेली नसते. तिच्या बुडाशी रबराचा सांधा असतो, त्यामुळे ती चहूबाजूंना कलते. सुकाणू नाही. खेळणारा उभा राहून शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरतो. शीड पुढे कलवले की फळी एकीकडे वळते, मागे कलवले की दुसरीकडे. म्हणजे होडीचा सगळा दोरखंड आपल्या दोन दंडांत आला म्हणायचे!

मुलीचे घर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आहे. तिथून हेलिंग नावाचे बेट जवळ. बेट म्हटले तरी पुलावरून मोटार थेट जाते. याच हेलिंगवर १९५८ साली पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने फळीवर कलते शीड बसवून पाहिले होते. पुढे अमेरिकेतील श्वाइत्झर आणि ड्रेक यांनी १९६८ साली अशाच फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि धंदा जगभर वाढला. पण १९८०च्या दशकात इंग्लंडच्या न्यायालयात वाद गेला तेव्हा त्या पोराची खटपट पुरावा म्हणून पुढे आली, आणि तिथले पेटंट रद्द झाले. पोरांच्या उद्योगांना आपण किती हसतो पाहा! ऑलिंपिकमध्ये हा खेळ पुरुषांसाठी १९८४ साली आला. बायकांची शर्यत यायला १९९२ उजाडले.

नव्या फळीची आणि शिडाची किंमत ऐकून मला घाम फुटला होता. तेव्हा जुनी घेणेच शहाणपणाचे. एक निवृत्त गृहस्थ दोन फळ्या मोटारीच्या टपावर बांधून किनाऱ्यावर आले. एक पांढरीशुभ्र, चकचकीत, लहान; दुसरी ओरखडे पडलेली, रंग उडालेली, मोठी. मी असते तर पांढरीवरच बोट ठेवले असते, इतकी ती देखणी होती.

आपण जुने शिवणयंत्र घेताना काय करतो? वरचा सोनेरी वेल पाहत नाही. चिंधी घालून टीप मारतो आणि उलट बाजूने पाहतो. मुलीने तेच केले. पिशवीतून ताणकाटा काढला आणि दोन्ही फळ्या टांगून वजन केल्या. मोठीवर छापील वजन आठ किलो, भरली जरा वर. लहानीवर साडेसहा, भरली आठ. हा दीड किलो आला कुठून? वरचे कवच कुठेतरी तडकून आतल्या फेसात पाणी मुरले होते, आणि तडा ताज्या रंगाखाली झाकला गेला होता. मग पाय ठेवायच्या जागी अंगठ्याने दाबून पाहिले, नारळ वाजवतो तसे बोटाच्या पेराने वाजवले. एका जागी आवाज बद्द आला. ते गृहस्थ लबाड होते असे मी म्हणणार नाही. त्यांनीही ती कुणाकडून जुनीच घेतली होती.

शेवटी तिने रबराचा सांधा वाकवून उजेडात धरला. त्याला केसासारखी चीर होती. “हा घेऊन मी पाण्यात जाणार नाही,” ती म्हणाली, आणि मोटारीतून आपला नवा सांधा काढून बसवला. भर पाण्यात हा तुटला तर शीड एकीकडे, फळी दुसरीकडे, आणि वाऱ्याने पळणारी फळी पोहून गाठता येत नाही.

वारा चांगलाच होता, ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. शिवाय थंड हवा घट्ट असते. आपल्या दादरच्या दुपारच्या वाऱ्यापेक्षा तिथला तेवढ्याच वेगाचा वारा आठ-नऊ टक्के अधिक जोराने ढकलतो. म्हणून तिने शीड लहान घेतले, साडेचार चौरस मीटरचे. पाणी जेमतेम आठ-नऊ अंशांचे. अशा पाण्यात एकदम पडले तर पहिली दोन-तीन मिनिटे श्वास आवरत नाही, आणि चांगले पोहणारे बुडतात ते बहुधा तेव्हाच. तिच्या अंगात पाच मिलिमीटर जाड रबरी पोशाख होता, तो घालताना तिला मी ओढाओढ करून मदत केली. नऊवारी नेसवणे त्यापेक्षा पुष्कळ सोपे!

आणि आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. पाण्यात जाण्याआधी तिने मला चार गोष्टी सांगितल्या. वारा नैऋत्येचा आहे, म्हणजे काही बिघडले तरी तो मला किनाऱ्याकडेच आणील; उत्तरेचा असता तर मी आलेच नसते. भरतीची वेळ पाहिली आहे. प्रत्येक फळीवर वीस मिनिटे, घड्याळ तुझ्या हातात. आणि मी दिसेनाशी झाले तर वाट पाहत बसू नकोस, तटरक्षकांना फोन कर. चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई अशी बोलते, तेव्हा तिला “जाऊ नकोस” म्हणायला माझ्याकडे भीतीवाचून दुसरे कारण नव्हते, भगिनींनो. भीती होतीच. गोट्यागोट्यांच्या त्या किनाऱ्यावर मी हातमोज्यांतही घड्याळ इतके घट्ट धरले होते की बोटे दुखली.

पांढरी फळी तिने तरीही पाण्यात घातली. तिला ती कशी धावते ते पाहायचे होते. फळीचा आकार लिटरात मोजतात, कारण एक लिटर साधारण एक किलोचा भार तोलते. ही बहात्तर लिटरांची. मुलगी अठ्ठावन्न किलोंची, फळी आठ, शीड-काठी दहाच्या घरात. हिशेब करा! थांबली की बुडणारच. वारा जोरात असेतो ती बाणासारखी गेली, पाहून मलाही उभे राहवेना. मग मध्येच वारा पडला, फळी खाली गेली, आणि मुलगी पाण्यात उताणी पडून पुढच्या झोताची वाट पाहत राहिली. माझ्या घड्याळात चार मिनिटे झाली. परत आली तेव्हा तिला हाताची मूठ वळत नव्हती.

मोटारीत बसून चहा झाला, बोटे हलू लागली, मग ओरखड्यांची. ती एकशे पाच लिटरांची. हिच्यावर वारा पडला तरी उभे राहता येते, दोरीने शीड वर ओढता येते. वेग कमी, वळायला जड, पण थंडीत पाण्याबाहेर राहता येते. वीस मिनिटांऐवजी अठराव्यालाच ती स्वतः परतली. गृहस्थ म्हणाले, “अजून उजेड आहे, आणखी एक फेरी मारा की.” जानेवारीत तिथे साडेचारला अंधारू लागते, तेव्हा पावणेचार झाले होते. ती नुसती हसली आणि शीड उतरवू लागली.

एकशे ऐंशी पौंड मागितले होते, एकशे चाळीसला सौदा तुटला; चिरलेल्या सांध्याचे वीस कमी मीच करायला लावले. पांढरी फळी ते गृहस्थ परत घेऊन गेले. जाताना मुलीने त्यांना आवाज बद्द येणारी जागा दाखवून तिथे खडूने गोल काढून दिला.