अर्ध्या आण्याची थैली
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पावसाळ्यात आपल्या देवगाव फाट्यावर पहाटे एक पोरगा पिशवी घेऊन बसलेला आम्हाला दिसला. वय सोळा. आई नाही, बाप दारूत. दोन-दोन दिवस घरात चूल पेटत नाही, वह्या-पुस्तकांचं तर नावच नको. "काका, सेलूला जातो, रेल्वे धरतो, मुंबईला कामाला लागतो," म्हणाला. खिशात किती, तर चाळीस रुपये.

आम्हाला बाबासाहेब आठवले. साताऱ्यास असताना भीमाबाई वारल्या, पुढे रामजींनी दुसरे लग्न केले. बाळ भीमाला ते सहन होईना. साताऱ्याच्या पोरांना मुंबईच्या गिरणीत काम मिळते, असे कानावर आले होते. गाडीभाड्यासाठी आत्या मीराबाईंच्या कमरेची थैली चोरायचे ठरवले. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री थैली हाती आली, आणि आत निघाला अर्धा आणा! बाबासाहेबांनी स्वतःच ही आठवण सांगितलेली आहे. तेव्हा त्यांनी ठरवले, की नेटाने शिकायचे आणि लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे.

ही गोष्ट सांगून त्या पोराला "जा बाबा घरी" म्हणणे सोपे होते. आम्ही तेच म्हणणार होतो, खोटे कशाला बोला! पण भीमाच्या घरी जीव लावणारी मीराबाई होती. पुस्तकासाठी लेकींचे दागिने मागून आणून गहाण ठेवणारा बाप होता. ह्या पोराला परत पाठवायचे ते कोणाकडे? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मुलांची कर्तव्ये सांगितली, तशी आईबापांचीही पाच सांगितली आहेत. वाईटापासून दूर ठेवा, चांगल्याला लावा, हुन्नर शिकवा. आपण मात्र पोरांची तेवढी पाठ करून घेतो.

पोराला चहा-पोहे खाऊ घातले आणि १०९८ ला फोन लावला. हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मूल स्वतःही लावू शकते. अठरा वर्षांखालच्या मुलाची चौकशी जिल्ह्याची बाल कल्याण समिती करते आणि त्याने कुठे राहायचे ते ठरवते. नातेवाईक सांभाळायला तयार असेल तर बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपयांची मदत आहे. कागदपत्रांना चकरा माराव्या लागतात, ते वेगळे. पोराची मावशी जिंतूरला निघाली. बाप आधी अंगावर धावून आला, मग ओट्यावर बसून रडला.

बापाला नावे ठेवून आम्ही मोकळे होणार नाही. वस्तीत हे सगळ्यांना दोन वर्षे ठाऊक होते. पोरगा दर रविवारी इथेच, त्या खांबापाशी वंदनेला बसायचा. आम्ही त्याच्याकडून पंचशील म्हणवून घेतले. जेवलास का, हे एकदाही विचारले नाही.

आता त्याने दहावीचा फॉर्म भरलाय. बाप महिन्यातून एकदा जिंतूरला जातो. शुद्धीत असला तर मावशी घरात घेते, नसला तर दारातून परत. पोरगा अजून त्याच्याशी बोलत नाही. आम्हीही त्याला बोल म्हणत नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!